आगीत सगळं गेल्यावर: मदत, भरपाई आणि न्याय यांबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आग लागलेल्या वस्तीत, चाळीत, दुकानांच्या रांगेत पहिल्या आठवड्यात लोक जे प्रश्न विचारतात ते इथे एकत्र केलेत. माहिती महाराष्ट्रातली आहे, काही गोष्टी देशभर लागू आहेत. घाईत असाल तर पंचनाम्याचा आणि एफआयआरचा प्रश्न आधी वाचा, बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

आग विझली, आता सगळ्यात आधी काय करायचं?

माणसं मोजा. मग फोटो काढा. राख उपसायला, पत्रे ओढायला, जागा साफ करायला लगेच सुरुवात करू नका, हे सांगताना मलाही वाईट वाटतं कारण माणसाला त्या राखेत काहीतरी शोधायचंच असतं, कुणाचं मंगळसूत्र असतं कुणाची मुलांची सर्टिफिकेटं, पण पंचनामा होईपर्यंत जागा जशी आहे तशी राहिली तर पुढचं सगळं सोपं जातं. मोबाईलवर व्हिडिओ घ्या, दारापासून सुरू करून एकेक खोली, एकेक कोपरा, मीटर बोर्ड, सिलिंडर, रेग्युलेटर, जळालेली वायर, जिन्यात ठेवलेलं सामान, बंद असलेलं मागचं दार. व्हिडिओ काढताना तोंडाने तारीख, वेळ, पत्ता बोला. आणि तो लगेच दोन-तीन नातेवाईकांना पाठवून ठेवा, फोन हरवतात.

अजून आत कुणी अडकलंय असं वाटत असेल किंवा धूर येतोय तर १०१ किंवा ११२, ॲम्ब्युलन्ससाठी १०८.

भाजलेल्या माणसाला कुठे न्यायचं? आमच्याकडे डिपॉझिटचे पैसे नाहीत.

आधी भाजलेल्या जागेवर नळाचं साधं पाणी धरा, वीसेक मिनिटं. टूथपेस्ट, हळद, शाई, बर्फ काही लावू नका. अंगाला चिकटलेला कपडा ओढून काढू नका.

मग जवळचं सरकारी हॉस्पिटल, तिथून गरज असेल तर बर्न वॉर्ड असलेल्या ठिकाणी. मुंबईत कस्तुरबा आणि भायखळ्याचं मसीना, नवी मुंबईत ऐरोलीचं नॅशनल बर्न्स सेंटर, पुण्यात ससून. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत भाजलेल्यांचे उपचार येतात, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, हेल्पलाइन १५५३८८. हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचं, म्हणजे या योजनेच्या माणसाचं, टेबल असतं, पहिल्याच दिवशी तिथे नाव नोंदवा, बिल भरून झाल्यावर योजना मागायला गेलात तर फार त्रास होतो. आणि धर्मादाय ट्रस्टची जी मोठी हॉस्पिटलं आहेत त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्याच लागतात, इमर्जन्सीमध्ये डिपॉझिटसाठी अडवून ठेवता येत नाही. अडवलं तर धर्मादाय आयुक्त कार्यालयात तक्रार करा.

केस पेपरवर एमएलसी, म्हणजे हे पोलिस केसचं प्रकरण आहे अशी नोंद, झाली का ते बघा. आणि माणूस बोलू शकत असेल तर पोलिसांना सांगून त्याचा जबाब लवकर घ्यायला लावा. भाजलेला माणूस पहिल्या दिवशी नीट बोलतो आणि चौथ्या दिवशी इन्फेक्शनने जातो असं होतं, मग काय घडलं ते सांगणारं कुणीच उरत नाही.

पंचनामा कोण करतं? त्यात आमच्या हातात काय असतं?

दोन पंचनामे असतात आणि लोक ते एकच समजतात. एक पोलिसांचा घटनास्थळ पंचनामा, तो गुन्ह्यासाठी. दुसरा महसूलचा, म्हणजे तलाठी किंवा तहसीलदार ऑफिसचा, तो नुकसानीसाठी. शिवाय फायर ब्रिगेडचा स्वतःचा रिपोर्ट असतो. तिन्हीच्या नकला मिळवायच्या.

तुमच्या हातात बरंच काही असतं. तलाठी आले की बरेचदा एका ओळीत लिहून मोकळे होतात, "संसारोपयोगी साहित्य जळून नुकसान, अंदाजे रक्कम रुपये अमुक". आता या ओळीत काय काय बुडतं बघा. घरात बाई ओव्हरलॉक मशीनवर पीसवर्क करत होती, मशीन तिचं स्वतःचं, शिवाय कारखान्याचा शंभरेक पीस कपडा तिच्याकडे पडलेला, तो पण जळाला, त्याचे पैसे आता कारखानदार तिच्याकडून मागणार, आणि कागदावर मात्र "संसारोपयोगी साहित्य" म्हणजे भांडीकुंडी. तिची रोजीरोटी त्या कागदावर नाहीच. पुढे विमा असो, कोर्ट असो, कुणी संस्था मशीन देणार असो, सगळे तो कागद मागतात.

म्हणून पंचनाम्याच्या आधी स्वतः यादी करा, साध्या वहीच्या पानावर चालेल. वस्तू, कधी घेतली, किती रुपयांना. धंद्याचं सामान वेगळं लिहा. जनावरं, कोंबड्या, सायकल, शाळेची पुस्तकं, औषधं सगळं लिहा. यादीची प्रत पंचनाम्याला जोडायला सांगा, पोच घ्या. वाचल्याशिवाय सही नाही, कोऱ्या कागदावर तर अजिबातच नाही. काही राहिलं असेल तर "खालील वस्तू राहिल्या आहेत" असं हाताने लिहून मग सही करा, तो तुमचा हक्क आहे.

पोलिस म्हणतात "अकस्मात जळीत" म्हणून नोंद केली, एफआयआर होणार नाही.

हे फार ठिकाणी होतं. अकस्मात जळीत किंवा अकस्मात मृत्यू म्हणून नोंद झाली म्हणजे चौकशी होते, पण कुणावर गुन्हा नसतो. कुणाच्या तरी निष्काळजीपणामुळे आग लागली असं तुम्हाला वाटत असेल, म्हणजे मालकाने बाहेरचं दार कुलूप लावून बंद ठेवलं, जिन्यात केमिकलचे ड्रम ठेवले, वायरिंगची तक्रार करूनही केलं नाही, तर लेखी तक्रार द्या आणि त्यात हे सगळं तपशिलाने लिहा.

आता भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे, १ जुलै २०२४ पासून. निष्काळजीपणाने मृत्यू म्हणजे कलम १०६, त्यात जास्तीत जास्त ५ वर्षं. धोका माहीत असून तसंच चालू ठेवलं असेल तर सदोष मनुष्यवध म्हणजे कलम १०५ मागता येतं, त्यात शिक्षा बरीच जास्त आहे. आगीबद्दलच्या निष्काळजी वर्तनाचं कलम २८७ हे किरकोळ आहे, सहा महिने किंवा दंड, माणसं मेली असताना नुसतं तेवढंच लावलं असेल तर गप्प बसू नका.

पोलिस स्टेशनने तक्रार घेतली नाही तर एसपींना, शहरात डीसीपींना, रजिस्टर पोस्टाने पाठवा. तिथेही नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज. एफआयआरची प्रत फुकट मिळते, फिर्यादीला पण आणि पीडिताला पण. आणि ९० दिवसांच्या आत तपास कुठपर्यंत आलाय हे पोलिसांनी तुम्हाला कळवायचंय, हे कायद्यात लिहिलेलं आहे, तेव्हा विचारायला लाजू नका.

सरकारकडून किती मदत मिळते?

आग ही केंद्राच्या आपत्तींच्या यादीत आहे, म्हणजे पूर, भूकंपासारखीच राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून मदत देता येते. २०२२-२३ ते २०२५-२६ साठीचे जे निकष होते ते असे: मृत्यू झाल्यास वारसांना ४ लाख. आठवड्यापेक्षा जास्त हॉस्पिटलमध्ये राहावं लागलं तर १६ हजार, कमी असेल तर ५,४००. ६० टक्क्यांहून जास्त अपंगत्व आलं तर अडीच लाख, ४० ते ६० टक्क्यांना ७४ हजार. घर पूर्ण गेलं तर सपाट भागात १ लाख २० हजार, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार. झोपडी असेल तर ८ हजार. कपड्यांसाठी २,५०० आणि भांड्यांसाठी २,५००. दुभतं जनावर ३७,५००.

झोपडीला ८ हजार हा आकडा वाचून राग येतो, यायलाच हवा, आठ हजारात आज पत्रेसुद्धा होत नाहीत. राज्य सरकार कधी कधी वेगळा जीआर म्हणजे शासन निर्णय काढून जास्त देतं आणि मोठी घटना असेल तर मुख्यमंत्री सहाय्यता निधीतून वेगळी घोषणा होते. म्हणून तहसील ऑफिसात चालू जीआर कुठला ते विचारा, त्याचा नंबर लिहून घ्या.

मदतीचा चेक घेतला तर केस करता येत नाही का?

करता येते. हे मी मोठ्याने सांगू इच्छिते कारण याच भीतीने लोक एक तर चेक नाकारतात नाहीतर केस सोडतात. सरकारी सानुग्रह मदत ही तातडीची मदत आहे, ती घेतल्याने ना गुन्हा मिटतो ना भरपाईचा हक्क जातो. मदतीची रांग वेगळी, न्यायाची रांग वेगळी, दोन्हीत उभं राहायचं.

पण मालक, बिल्डर, कंपनी यांच्याकडून कुणी पैसे घेऊन आलं तर वेगळी गोष्ट. दोन-तीन लाख हातात आणि सोबत स्टॅम्प पेपर, त्यावर "आमची कोणाविरुद्ध काही तक्रार नाही". दहावं-तेरावं पण झालेलं नसतं तेव्हा हे लोक येतात. सही करू नका, कागदाचा फोटो घ्या, वकिलाला दाखवतो म्हणा. घाई त्यांना असते, तुम्हाला नाही.

झोपडपट्टीत राहतो. जागा हातची जाईल का?

ही भीती खरी आहे. घर अधिकृत आहे का यावर घराच्या मदतीचा निकष अडतो आणि जळालेल्या जागेवर परत बांधू देत नाहीत असंही होतं. पात्रता कागदावर ठरते, झोपडं उभं आहे की जळालं यावर नाही. मुंबईत १ जानेवारी २००० पूर्वीची झोपडी असेल तर मोफत पुनर्वसन, त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतची असेल तर पैसे भरून. म्हणून लाईट बिलाची जुनी रेकॉर्ड, मतदार यादीचा उतारा, फोटोपास, सर्व्हेची पावती याच्या नकला लगेच काढायला घ्या. लाईट बिल कंपनीकडे असतं, मतदार यादी निवडणूक ऑफिसात असते, तुमचा कागद जळाला तरी त्यांचा जळालेला नाही. आणि महसूलच्या पंचनाम्यात झोपडी नंबर आणि राहणाऱ्याचं नाव बरोबर आलंय का ते बघा, भाडेकरूचं नाव लागलं मालकाचं राहिलं किंवा उलटं, यावरून भावाभावांत भांडणं लागतात.

सिलिंडरचा स्फोट झाला. विमा असतो म्हणे?

असतो, आणि त्यासाठी तुम्ही वेगळा हप्ता भरलेला नसतो. इंडेन, भारत गॅस, एचपी या सरकारी कंपन्यांनी सगळ्या ग्राहकांसाठी पब्लिक लायबिलिटी पॉलिसी काढलेली असते. मृत्यूला माणशी ६ लाख, उपचाराला माणशी जास्तीत जास्त २ लाख, नोंदणीकृत पत्त्यावरच्या घराच्या नुकसानीला २ लाखांपर्यंत. आग गॅसमुळेच लागलेली असली पाहिजे. ताबडतोब एजन्सीला लेखी कळवायचं आणि पोच घ्यायची, पुढे एजन्सी कंपनीला आणि कंपनी विमावाल्यांना कळवते. एजन्सीवाला "असं काही नसतं" म्हणाला तर थेट कंपनीच्या एरिया ऑफिसला लिहा. जळालेला पाइप आणि रेग्युलेटर फेकू नका. नुसती गळती असेल तर १९०६.

महावितरणच्या तारांमुळे ऊस पेटला, गोठा पेटला.

मार्च-एप्रिलात उभा ऊस पेटल्याच्या बातम्या दरवर्षी येतात, लोंबकळलेल्या तारा एकमेकींना घासतात, ठिणगी पडते आणि तासाभरात एकरच्या एकर जातं. इथे सगळ्यात महत्त्वाचा माणूस म्हणजे विद्युत निरीक्षक. तो महावितरणचा नसतो, सरकारचा असतो, विद्युत कायदा २००३ च्या कलम १६१ प्रमाणे अपघाताची चौकशी तो करतो. त्याच्या रिपोर्टात तारांचा दोष आला तर भरपाईचा पाया पक्का होतो. तेव्हा १९१२ वर तक्रार, महावितरणच्या सबडिव्हिजनला लेखी अर्ज, विद्युत निरीक्षकाला वेगळा अर्ज, पोलिसात नोंद, तलाठ्याचा पंचनामा, हे सगळं त्याच दोन-तीन दिवसांत. तारा ढिल्या आहेत म्हणून आधी कधी अर्ज केला असेल तर त्याची पोच सोन्यासारखी जपा.

विजेसारखी धोक्याची गोष्ट चालवणाऱ्याची जबाबदारी ही त्याची चूक सिद्ध न करताही असते, असं सुप्रीम कोर्टाने २००२ मध्ये मध्य प्रदेश वीज मंडळाच्या केसमध्ये सांगितलंय, रस्त्यावर तुटून पडलेल्या जिवंत तारेने सायकलवरचा माणूस गेल्याची केस होती ती. वकिलाला याची आठवण करून द्या.

जळालेला ऊस कारखान्याला लवकर न्या, वजन घटतं आणि वर कपात होते. कपातीची पावती ठेवा, तेही नुकसानच आहे.

विमा कंपनी क्लेम देत नाही / अर्धाच देते.

आधी विमा आहे का हेच बघा, गंमत वाटेल पण कितीतरी लोकांना माहीत नसतं. होमलोन घेताना किंवा दुकानाच्या कॅश क्रेडिटला बँकेने परस्पर फायर पॉलिसी काढलेली असते आणि हप्ता खात्यातून कापलेला असतो. पासबुक बघा, बँकेत विचारा.

१ एप्रिल २०२१ पासून घरासाठी भारत गृह रक्षा ही सगळ्या कंपन्यांची एकसारखी पॉलिसी आहे, त्यात घराचा विमा असेल तर आतल्या सामानाला आपोआप २० टक्क्यांपर्यंत, कमाल १० लाख, संरक्षण असतं. विमा कमी रकमेचा होता म्हणून त्या प्रमाणात क्लेम कापणं यात चालत नाही. नुकसान मोजायला विम्याचा सर्व्हेअर येईल तेव्हा स्टॉकची बिलं लागतात, दुकान जळालं तर बिलं पण जळतात, पण घाऊक व्यापाऱ्याकडे, सीएकडे, जीएसटी पोर्टलवर रेकॉर्ड असतं.

क्लेम नाकारला तर लेखी कारण मागा. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे, महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, मुंबई आणि पुण्यात ऑफिस आहे, फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात. कंपनीच्या शेवटच्या उत्तरापासून वर्षाच्या आत जायचं. नाहीतर ग्राहक आयोग, तिथे मुदत २ वर्षं.

नवरा कारखान्यात कामाला होता, आगीत गेला. ठेकेदार म्हणतो तो आमचा माणूसच नव्हता.

ठेकेदाराचा माणूस असला तरी मुख्य मालकाची जबाबदारी सुटत नाही. कामगार नुकसानभरपाईचा १९२३ चा कायदा होता, नोव्हेंबर २०२५ पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत आलाय. हिशोबाची पद्धत अशी की मृत्यूला महिन्याच्या पगाराच्या निम्मी रक्कम गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा. १५ हजार पगार आणि ३० वर्षांचं वय धरलं तर ही रक्कम साडेपंधरा लाखांच्या वर जाते. ठेकेदार दोन लाखात मिटवायला येतो तेव्हा हा हिशोब डोक्यात असू द्या. ईएसआय म्हणजे कामगार राज्य विमा लागू असेल तर कुटुंबाला पगाराच्या ९० टक्के दराने पेन्शन मिळतं.

तो तिथे कामाला होता याचा पुरावा म्हणजे व्हॉट्सॲपवरचे सुपरवायझरचे मेसेज, गूगल पेवर आलेला पगार, हजेरीच्या वहीचा फोटो, डब्यावाल्या मावशींचा जबाब, सोबतच्या कामगारांचे नंबर. परराज्यातले कामगार आठवड्यात गावी निघून जातात, त्याआधी भेटा.

कागदपत्रं जळाली. डब्यातल्या नोटा पण.

पोलिसात कागद जळाल्याची एकच तक्रार द्या, त्यात सगळ्यांची यादी, तीच प्रत सगळीकडे चालते. आधार १९४७ वर, पॅन ऑनलाइन, सातबारा महाभूमीवर, रेशन कार्ड तहसील किंवा शिधावाटप ऑफिसात, दहावी-बारावीची मार्कशीट बोर्डाकडून. मुलांच्या शाळेला त्याच आठवड्यात कळवा.

नोटांचं नीट ऐका. स्टीलच्या डब्यात ठेवलेली गड्डी बाहेरून काळी होते पण आत बऱ्याचदा नोटा ओळखू येतात. ती गड्डी सुट्टी करायला जाऊ नका, बोट लागलं की पापडासारखा चुरा होतो. डब्यासकट, आत कापूस भरून, न हलवता ठेवा. खूप जळालेल्या, ठिसूळ झालेल्या नोटा साध्या बँकेत घेत नाहीत, रिझर्व्ह बँकेच्या इश्यू ऑफिसात न्याव्या लागतात, ते नियमाप्रमाणे तपासून जेवढं देता येईल तेवढं देतात.

आगीला जबाबदार कोण हे शोधायचं कसं?

महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा आहे. त्यात इमारतीच्या मालकाने किंवा वापरणाऱ्याने आगीपासून बचावाची यंत्रणा बसवायची, चालू ठेवायची आणि ती चालू आहे असा लायसन्स असलेल्या एजन्सीचा दाखला, म्हणजे नमुना ब, दर वर्षी जानेवारी आणि जुलैत द्यायचा असं आहे. तेव्हा माहिती अधिकारात १० रुपये भरून हे मागा: त्या इमारतीची फायर एनओसी, मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, मागच्या तीन वर्षांचे नमुना ब, दिलेल्या नोटिसा, आलेल्या तक्रारी. उत्तराला ३० दिवस असतात. "अभिलेख उपलब्ध नाही" असं उत्तर आलं तर ते जपून ठेवा, नमुना ब कधी आलाच नाही याचा तो चांगला पुरावा होतो.

एक सांगते, अधिकाऱ्यांवर खटला चालवायला सरकारची परवानगी लागते आणि गाडी तिथेच वर्षानुवर्षं अडते. नव्या संहितेत १२० दिवसांत निर्णय नाही झाला तर परवानगी मिळाली असं धरायचं आहे. तारखा लिहून ठेवा.

वकिलाला पैसे नाहीत.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, प्रत्येक जिल्हा कोर्टात असतं, तालुक्याला समिती असते. फोन १५१००. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, कामगार, अपंग यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, आणि मोठ्या आपत्तीचे बळी हे पण त्याच यादीत आहेत. पीडित म्हणून सरकारी वकिलाच्या मदतीला स्वतःचा वकील देता येतो, आरोपी सुटला तर अपील करता येतं.

किती वर्षं लागतात? खरं सांगा.

खरं सांगायचं तर खूप. दिल्लीच्या उपहार सिनेमाची आग १३ जून १९९७ ची, ५९ माणसं गेली, बहुतेक धुराने गुदमरून. आपली दोन मुलं गमावलेले एक आईवडील आणि बाकीची कुटुंबं यांनी संघटना बांधली आणि लढले. २००३ मध्ये हायकोर्टाने भरपाई दिली, २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कमी करून मोठ्यांच्या मृत्यूला १० लाख आणि २० वर्षांखालच्यांना साडेसात लाख केली, ८५ टक्के भार थिएटरवाल्यांवर, १५ टक्के वीज मंडळावर, महापालिका आणि लायसन्स देणारे सुटले. मालकांची शिक्षा शेवटी मुख्यतः ३०-३० कोटींच्या दंडावर आली. कोर्टातल्या फाइलमधले कागदच फाडले गेले होते, त्याची वेगळी केस झाली आणि त्यात २०२१ मध्ये शिक्षा झाली. ती वेगळी केस झाली कारण ती कुटुंबं त्यासाठी हायकोर्टात गेली.

आपल्याकडे कमला मिलची आग २९ डिसेंबर २०१७ ची, १४ जण गेले, जनहित याचिकेनंतर माजी मुख्य न्यायमूर्तींची समिती नेमली गेली. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे १० नवजात बाळं गेली. त्याच वर्षी विरारला आयसीयूत १५, नगरच्या सिव्हिलमध्ये किमान ११. भंडाऱ्यातल्या बहुतेक आया खेड्यातल्या, मजुरीवर जगणाऱ्या. त्यांना जिल्ह्याच्या गावी तारखेला यायचं म्हणजे दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं, दोन्ही जातं. यावर माझं मत स्पष्ट आहे, एकट्याने लढू नका. सगळ्या कुटुंबांची एक यादी, एक व्हॉट्सॲप ग्रुप, एक वकील, कागद ठेवायला एक घर, आणि तारखेला पाळीपाळीने दोघंजण. मोबाईलवर ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये केसचा सीएनआर नंबर टाकला की पुढची तारीख दिसते.

दिवाणी दाव्याची मुदत मृत्यूच्या प्रकरणात २ वर्षं आहे, फौजदारी केसचा निकाल लागू दे मग बघू असं म्हणत थांबू नका.

आमची मुलगी सासरी "स्टोव्हने भाजली" म्हणतायत.

तर वरचं सगळं थोडं बाजूला ठेवा. मुलगी बोलत असेल तर तहसीलदार किंवा मॅजिस्ट्रेटसमोर जबाब घ्यायची मागणी आत्ता, लेखी करा, आणि जबाबाच्या वेळी सासरचं कुणी खोलीत नको. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत मृत्यू झाला तर चौकशीचे नियम वेगळे आणि कडक आहेत. तिच्या अंगावरचे कपडे, स्टोव्ह जप्त करायला लावा. महिला हेल्पलाइन १८१.

मुलं रात्री दचकून उठतात, आगपेटी बघितली तरी रडतात.

टेली मानस, १४४१६, फुकट आहे आणि मराठीत बोलतात. मुलांना शाळेत लवकर पाठवा, नव्या दप्तराची वाट बघू नका. मोठ्यांनाही झोप लागत नाही, त्यांनीही फोन करावा.

आम्ही बाहेरगावी आहोत, मदत पाठवायची आहे. काय पाठवू?

जुने कपडे नको, त्यांचे ढीग पडलेले असतात आणि लोकांना ते निवडत बसावं लागतं. आतले नवे कपडे, सॅनिटरी पॅड, चष्म्याचा नंबर काढून चष्मे, बीपी-शुगरच्या गोळ्या, शेगडी, कुकर, शिलाई मशीन, हातगाडी. शाळेची पुस्तकं त्या त्या इयत्तेची विचारून. आणि झेरॉक्स, स्टॅम्प, रिक्षाभाडं यासाठी थोडी रोकड, हा खर्च कुणीच धरत नाही. गावात असाल तर महिन्याने जा, पहिल्या आठवड्यात गर्दी असते, महिन्याने कुणी येत नाही आणि तेव्हाच तहसीलच्या खेपा चालू असतात, एखाद्या म्हाताऱ्या माणसाबरोबर तिथे जाऊन अर्ज लिहून द्या, पोचेवर शिक्का मारून घ्या.